मज्जारज्जूची दुखापत आणि पाळी जाण्याची वर्षं: काय मोजायचं, काय सांभाळायचं

मणक्याच्या दुखापतीनंतर दहा-वीस वर्षं व्हीलचेअरवर काढलेली बाई पंचेचाळिशीला आली की तिच्या अंगात दोन गोष्टींची सरमिसळ सुरू होते. वाफा (अंगातून अचानक उठणारी ऊब), घाम, धडधड, झोपमोड, लघवी गळणं, ठिसूळ हाडं, कोरडी कातडी ही पाळी जाण्याची लक्षणं. पण यातली जवळपास सगळी मज्जारज्जूच्या दुखापतीतही दिसतात. म्हणून दोन बाजूंनी चूक होते. घरात कुणीतरी म्हणतं, "वय झालं, पाळी जातेय, होतं असं," आणि प्रत्यक्षात कॅथेटर (लघवीची नळी) तुंबलेला असतो. उलट दवाखान्यात व्हीलचेअर बघून सगळं मणक्यावर ढकललं जातं आणि जो त्रास औषधाने कमी झाला असता तो बाई वर्षानुवर्षं सोसत राहते.

रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही राहत असाल, तुम्ही आणि तुमची काळजी घेणारं माणूस, दोघांनी एकच नियम पाळावा असा आमचा आग्रह आहे: धोक्याचं कारण आधी तपासून बाजूला काढा, मगच पाळीचं नाव घ्या.

पाळी खरंच जातेय का

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात हे साधारण ४६-४७व्या वर्षाच्या आसपास होतं, पण त्याआधीची तीन-चार वर्षं पाळी मागेपुढे होते, कधी तुंबते, कधी धो-धो जाते. दुखापत नुकतीच झाली असेल तर घाई करू नका. मज्जारज्जूला मार लागल्यावर काही महिने पाळी थांबते आणि पुढे आपोआप सुरू होते. ती रजोनिवृत्ती नव्हे. पंचेचाळिशीच्या आत पाळी बंद झाली असेल तर मात्र तपासण्या करून घ्या, थायरॉइड त्यात हवाच. पंचेचाळिशीनंतर वाफा आणि अनियमित पाळी असेल तर हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची बहुधा गरज नसते. वहीतल्या तारखा पुरतात.

दुखापतीने गर्भधारणेची क्षमता जात नाही. पन्नाशीच्या आत पाळी बंद झाली तर दोन वर्षं, पन्नाशीनंतर बंद झाली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायचं. सरकारी दवाखान्यात मिळणारं 'अंतरा' इंजेक्शन सोपं असलं तरी त्याने हाडांची घनता कमी होते आणि तुमच्या पायांची हाडं आधीच नाजूक आहेत, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आधी तुमचे नेहमीचे आकडे लिहा

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन, थर्मामीटर, मोजमापाचं भांडं, शिंप्याचा टेप आणि एक वही एवढं घरात हवं. मनगटाचं बीपी मशीन घेऊ नका, त्यात फार फरक पडतो.

एक आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ बीपी आणि नाडी लिहा. एकदा आडवं असताना, एकदा खुर्चीत बसल्यावर, दर वेळी त्याच दंडाला. छातीच्या वरच्या भागाला किंवा मानेला दुखापत असेल तर वरचं बीपी बहुधा ९० ते ११० मध्ये राहतं. हे तुमचं नेहमीचं. ते माहीत नसेल तर पुढचं सगळं अंधारात चालतं. कॅज्युअल्टीत १४० बघून "बीपी ठीक आहे" म्हणतील, पण तुमचं नेहमीचं ९५ असेल तर तो १४० धोक्याचा आहे. आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तो व्हीलचेअरच्या पिशवीत ठेवा. दुखापतीची पातळीही त्यावर हवी. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर ती बहुधा डी-४, डी-१०, सी-६ अशी लिहिलेली असते: डी म्हणजे छातीमागचा मणका, सी म्हणजे मानेचा, आकडा वरून कितवा ते सांगतो.

दोन्ही पोटऱ्यांचा घेरही मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या खाली १० सेंटीमीटरवर टेप लावायचा. याचा उपयोग पुढे येईल.

वाफ की ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया

डी-६ किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्या प्रत्येकीने हा भाग पाठच करावा. घरातल्या निदान दोघांना तो यायला हवा.

भरलेलं मूत्राशय, अडकलेला मळ, परकराची घट्ट नाडी, नखाची जखम, काहीही खालच्या भागाला खुपलं तरी तुम्हाला कळत नाही, पण शरीर त्याला उत्तर देतं. दुखापतीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी एकदम चढतं आणि मेंदूकडून येणारा थांबण्याचा निरोप दुखापतीच्या पलीकडे पोहोचत नाही. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. चेहरा-मान लाल होते, घाम सुटतो, आणि रजोनिवृत्तीची वाफही नेमकी अशीच दिसते.

फरक असा. वाफ छातीतून किंवा चेहऱ्यातून उठते, एक ते पाच मिनिटांत ओसरते, नंतर कधी हुडहुडी भरते. नाडी जलद होते, बीपी फारसं चढत नाही, डोकं ठणकत नाही. डिसरिफ्लेक्सियात डोकं हातोडे मारल्यासारखं दुखतं, नाक चोंदतं, अंगावर काटा येतो, दुखापतीखालचे पाय गार आणि फिके पडतात, नाडी पुष्कळदा मंद होते, आणि कारण दूर होईपर्यंत तो थांबत नाही. पण लक्षणांवर विसंबू नका. दोन्ही एकाच वेळीही होऊ शकतात. निवाडा बीपी मशीन करेल: नेहमीपेक्षा वरचा आकडा २० ते ४०ने जास्त असेल तर तो डिसरिफ्लेक्सिया समजूनच चाला.

मग करायचं ते याच क्रमाने:

१. ताठ बसवा, पाय खाली सोडा. आडवं पाडू नका. बसल्याने बीपी थोडं उतरतं. चक्कर आल्यासारखं दिसलं की आपल्याकडे माणसाला झोपवून डोक्याखालची उशी काढतात, पाय वर करतात. इथे त्याने बीपी आणखी चढतं.

२. सगळं सैल करा: परकराची नाडी, ब्रा, पोटाचा पट्टा, पायमोजे, लेग बॅगचे (पायाला बांधलेल्या लघवीच्या पिशवीचे) पट्टे, बूट.

३. बीपी दर २ ते ५ मिनिटांनी घेत राहा.

४. मूत्राशय बघा. कायम कॅथेटर असेल तर नळी मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का, पिशवी भरली आहे का. नळी साफ दिसूनही लघवी येत नसेल तर १०-१५ मिली कोमट सलाइन हळू सोडा, जोर लावू नका. तरी नाही आली तर कॅथेटर बदला. दर काही तासांनी नळी घालून लघवी काढत असाल तर २ टक्क्यांची लिग्नोकेन जेली (भूल देणारी) लावून दोन मिनिटं थांबा, मग नळी घाला.

५. वरचा आकडा १५०च्या वरच राहिला तर गुदद्वाराला हात लावण्याआधी डॉक्टरांनी लिहून दिलेलं बीपीचं औषध द्या. बहुधा १० मिलिग्रॅमची साधी निफेडिपिन कॅप्सूल चावून गिळायला सांगतात. सावकाश सुटणारी गोळी इथे कामाची नाही. हे औषध आधीच लिहून घेऊन ठेवायचं असतं, त्या घाईत मिळत नाही.

६. मग जेली लावून, पाच मिनिटं थांबून, हातमोजा घातलेल्या बोटाने मळ अडकलाय का ते हलकेच बघा. बीपी वाढू लागलं तर लगेच थांबा.

७. अजून नाही? कपड्याची घडी, नितंब, टाचा, पायाची नखं, पॅडची कड, सुजलेला गुडघा तपासा. पाळीच्या कळाही हे करू शकतात.

कारण सापडलं नाही किंवा बीपी उतरत नाही, तर १०८ला फोन करा आणि नेहमीच्या बीपीचा तो कागद हातात ठेवा. उतरलं तरी पुढचे दोन तास लक्ष ठेवा, पुन्हा चढू शकतं.

डी-६च्या खाली दुखापत असेल तर डिसरिफ्लेक्सिया क्वचितच होतो. पण पुढचं सगळं तुमच्यासाठीही आहे.

कोकणातला उकाडा

मार्च ते मे आणि ऑक्टोबर हे महिने तुमच्यासाठी इतरांपेक्षा कठीण, कारण दुखापतीखाली घाम येत नाही किंवा फार कमी येतो. पंख्याखाली गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. घामच नसेल तर पंखा नुसती गरम हवा फिरवतो. त्यात समुद्राकाठची हवा इतकी दमट की वरच्या भागाला आलेला घामही लवकर वाळत नाही. म्हणून पाणी बाहेरून द्यायचं: चेहरा, मान, हात यांवर फवारा मारायची बाटली कायम खुर्चीला अडकवा आणि मग पंखा लावा. ओला पंचा मानेवर टाकून दर पंधरा मिनिटांनी बदला. बर्फ किंवा फ्रीजमधली बाटली जाणीव नसलेल्या कातडीवर ठेवू नका. तिथे गारठ्याने जखम होते आणि तुम्हाला कळत नाही.

वाफ आल्यावर थर्मामीटर ताप दाखवत नाही. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर ती वाफ नव्हे. एक तर अंग तापलंय, नाहीतर संसर्ग आहे. सावलीत घ्या, कपडे उतरवा, ओलं करा, वारा घाला, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उतरला तर उन्हाचा होता. उतरला नाही तर लघवी, छाती, जखम तपासायची. बोलणं तुटक होऊ लागलं किंवा १०३च्या वर गेला तर वाट बघू नका.

स्लॅबच्या वरच्या मजल्यावरची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते. शक्य असेल तर झोपायची सोय खाली, कौलाखालच्या माजघरात करा. गादीवर रेक्झिन किंवा प्लॅस्टिक थेट नको. लघवी गळते म्हणून ते घालावंच लागत असेल तर त्यावर सुती चादर, ताणून, सुरकुती न ठेवता. रात्री पुढून उघडणारा सुती गाऊन घाला, म्हणजे अंग न हलवता बदलता येतो. चहा, कॉफी, तिखटजाळ रस्सा यांनी काहींना वाफ येते. दोन आठवडे वहीत नोंदवलं की तुमचं काय ते कळेल. कोकम सरबताच्या साखरेने वजन वाढतं, त्यापेक्षा बिनसाखरेचं आगळाचं पाणी किंवा पातळ सोलकढी बरी.

लघवी, संसर्ग आणि कोरडेपणा

इस्ट्रोजेन हे स्त्रीचं हार्मोन कमी झालं की योनी आणि मूत्रमार्ग यांचं अस्तर पातळ होतं, तिथली आम्लता बदलते आणि जंतूंना वाट मिळते. वर्षातून एकदा होणारा संसर्ग तीन-चारदा होऊ लागतो, कॅथेटरच्या कडेने लघवी गळते, नळी घालताना रक्ताचा डाग दिसतो. यावर जास्त जाड नळी घालणं हा चुकीचा उपाय आहे. त्याने मूत्रमार्ग आणखी सैल होतो आणि गळती वाढते. बहुतेकींना १२ किंवा १४ नंबर पुरतो. गळतीचं कारण मूत्राशयाचा झटका, तुंबलेली नळी, खडा किंवा बद्धकोष्ठ यांत शोधा.

योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम हा यातला सर्वांत उपयोगी उपाय, आणि नेमका तोच सुचवला जात नाही. ते रक्तात फारच थोडं जातं आणि वारंवार होणारे संसर्ग कमी करतं. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. लावायची पद्धत: रात्रीची नळी घालून झाली, हात धुतले, आडव्या झालात की कुशीवर वळून किंवा गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, ठरलेली मात्रा ॲप्लिकेटरने. बोटांची पकड नसेल तर मदतनीस हातमोजा घालून बोटानेही लावू शकते. नख कापलेलं हवं, कारण ओरखडा निघाला तरी तुम्हाला कळणार नाही. डिसरिफ्लेक्सिया होणारीने पहिल्या दोन-तीन वेळा बीपी मशीन जवळ ठेवावं. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, महिन्याभरात सोडू नका. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. संबंधाच्या वेळी कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित जेल वापरा. खोबरेल तेलाने कंडोमचं लॅटेक्स विरतं.

नळी दर ४ ते ६ तासांनी, आणि एका वेळेची लघवी ५०० मिलीच्या आत. जास्त येत असेल तर पाणी तोडू नका, दोन वेळांमधलं अंतर कमी करा. आपल्याकडे बाहेर जायचं म्हटलं की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने खडे होतात, मळ घट्ट होतो, अंगही तापतं. दिवसभर खाली लोंबकळलेल्या पायांतलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे उतरतं, म्हणून झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास पाय वर ठेवून मग नळी घाला.

लघवीच्या तपासणीत नुसते जंतू निघाले म्हणून अँटिबायोटिक घ्यायचं नाही. कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत ते असतातच. ताप, स्नायूंचे वाढलेले झटके, नवी गळती, डिसरिफ्लेक्सिया, अंग गळून जाणं यांपैकी काही असेल तरच, आणि शक्यतो कल्चर (कोणता जंतू ते शोधणारी तपासणी) करून.

रक्तस्राव

जाणीव नसल्याने पॅड भिजलं हे उशिरा कळतं. नळीच्या वेळेशी पॅड जोडून टाका: दर वेळी बघा, दर वेळी बदला. जाड घड्यांचं कापड किंवा पॅडची दुमडलेली कड यावर तासन्‌तास बसल्याने जखम होते. पातळ, रुंद पॅड घ्या, कड नितंबाच्या हाडाखाली येऊ देऊ नका.

पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर डाग दिसला तर तो कितीही लहान असो, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. पण आधी रक्त कुठलं ते पक्कं करा. तीन पांढऱ्या फडक्यांचे तुकडे घ्या. एक मूत्रमार्गाच्या तोंडाशी, दुसरा योनीपाशी, तिसरा गुदद्वारापाशी टेकवून बघा. नळीतून आलेली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन उजेडात धरा. सरसकट "अंगावरून जातंय" म्हटलं की खडा, मूळव्याध आणि गर्भाशय यांचा घोळ होतो.

तासाला एक पॅड भिजतंय असं दोन-तीन तास चाललं तर दवाखान्यात जा. रक्त गोठवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही तेच. या वयात, पाय हलत नसताना, त्या गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. देवाच्या कामासाठी हा धोका पत्करावा असं आम्हाला मुळीच वाटत नाही.

पाय सुजला तर

पोटरीचा घेर रोज नाही, पण आठवड्यातून एकदा मोजा. एक पाय दुसऱ्यापेक्षा ३ सेंटीमीटरहून जास्त सुजला, गरम लागला, तर दोनच शक्यता आधी धरायच्या: गुठळी किंवा मोडलेलं हाड. दोन्हींत मालिश धोक्याची. घरातलं कुणी प्रेमाने गरम तेल घेऊन बसलं तरी थांबवा, पाय न हलवता डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) आणि एक्स-रे करून घ्या. सोबत धाप लागली, छातीत दुखलं तर थेट १०८.

हाडं

दुखापतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच पायांची हाडं बरीच पोकळ होतात, आणि रजोनिवृत्ती उरलेल्यातून आणखी घेते. सर्वांत जास्त मोडतं ते गुडघ्याच्या आसपासचं हाड, मांडीच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला. तेही मोठ्या पडण्याने नाही: व्हीलचेअर उंबऱ्याला अडून पाय मागे राहिला, न्हाणीघरात उचलताना पाय पिळला, व्यायाम देताना गुडघा जोराने वाकवला. दुखत नसल्याने खूण वेगळी असते: सूज, ऊब, अचानक वाढलेले झटके, डिसरिफ्लेक्सिया, पाऊल वेगळ्याच दिशेला.

चिऱ्याच्या जुन्या घरांत ओटी, पडवी, माजघर यांना प्रत्येकी उंबरा असतो. तिथे उतार बांधताना एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी ठेवा. उचलताना एकाने दोन्ही पाय एकत्र धरावेत, मांडीला पीळ पडता कामा नये. हाडांच्या घनतेची तपासणी करताना नुसत्या कण्याचा आकडा धरू नका, तो शस्त्रक्रियेतल्या पट्ट्यांमुळे खोटा जास्त येतो. नितंबाजवळचं हाड मोजायला सांगा, सोय असेल तर गुडघ्याजवळचंही.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, आधी ताटातून. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, गाईच्या दुधाच्या पेल्यात अडीचशेच्या आसपास. सालीसकट खाल्ला जाणारा जवळा, सुकट आणि काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली यांतही भरपूर, पण सुकी मासळी खारट असते, तासभर भिजवून पाणी टाकून द्या. गोळी फक्त उरलेली तूट भरायला, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आत, जेवणासोबत. मूत्राशयात खडा झालेला असेल तर डॉक्टरांना सांगूनच. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच. वर्षभर दर रविवारी घेत राहिल्याने रक्तात कॅल्शियम चढतं.

हाडांची आठवड्याची गोळी घेतल्यावर अर्धा तास ताठ बसावं लागतं. बसणं शक्य नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देतात ते औषध विचारा. मूत्रपिंडाची तपासणी आणि दाढांची कामं त्याआधी.

कातडी आणि खांदे

रजोनिवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन जवळपास तीस टक्के कमी होतं. म्हणजे काल ज्या गादीवर चालत होतं तिथे आज जखम होऊ शकते. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दोन मिनिटं भार सोडा. हातांवर उचलून घेण्यापेक्षा झुकणं बरं, कारण याच वयात खांदा आखडतो आणि खांदा गेला की तुमचे पायही गेले. पलंगावरून खुर्चीत जायला गुळगुळीत फळी वापरा. अंथरुणात दर दोन तासांनी कूस. सकाळ-संध्याकाळ आरसा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने ऊब आणि बोटाने टणकपणा बघा. भार काढून अर्ध्या तासानेही डाग, ऊब किंवा टणकपणा गेला नाही तर त्या बाजूवर बसणं बंद, पूर्ण जाईपर्यंत. त्यावर तेल चोळायचं नाही.

पावसात कपडे वाळत नाहीत आणि जांघेत बुरशी येते. अंतर्वस्त्रं इस्त्री करून घाला. चुलीजवळ ऊब घ्यायला बसलात तर पाय चार हात लांब.

वाफांवरची औषधं

हार्मोनच्या गोळ्या सरसकट बंद, असं नाही. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन गुठळीचा धोका वाढवतं, कातडीतून जाणारं जेल किंवा पॅच त्या मानाने सुरक्षित. आमच्याकडच्या घामात पॅच सुटतो, जेल सोपं. ते जाणीव असलेल्या दंडावर लावा. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. पूर्वी गुठळी, स्तनाचा कर्करोग, यकृताचा आजार किंवा न उलगडलेला रक्तस्राव असेल तर नाही. जखमेमुळे महिनाभर अंथरुणात पडायची वेळ आली किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

तुम्ही आधीच घेत असलेली औषधं मोजा. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन वाफाही कमी करतं, रात्रीची मात्रा बदलून काम होईल का ते विचारा. मूत्राशयासाठीचं ऑक्सिब्युटिनिनही वाफा कमी करतं, पण घाम रोखतं आणि मळ घट्ट करतं, म्हणून मे महिन्यात जपून. क्लोनिडिन बीपी खाली आणतं, ज्यांचं आधीच ९० आहे त्यांना नको. व्हेनलाफॅक्सिनने बीपी चढू शकतं आणि लघवी अडू शकते. सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे दोन्ही लिहून ठेवा.

झोप नाही, रडू येतं, कशातच मन लागत नाही, हे पंधरा दिवस टिकलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं. "तिच्या नशिबी तेच" असं घरच्यांनी समजू नये. यावर औषध आहे.

तपासणीला जाताना

तीस वर्षांवरच्या बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. व्हीलचेअर आहे म्हणून ती टाळू नका. आधी फोन करून टेबल किती उंच आहे, उचलायला दोन माणसं आहेत का ते विचारा. निघण्याआधी मूत्राशय रिकामं, आदल्या दिवशी शौच झालेलं. योनीत उपकरण घालताना डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो, म्हणून लिग्नोकेन जेली मागा, बीपी चालू ठेवा, पाय रिकिबीत अडकवण्याऐवजी माणसाने धरावेत.

रत्नागिरी, ओरोस, अलिबाग इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पुनर्वसनासाठी मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. मुंबई-गोवा महामार्गाने जाताना दर तासाला थांबून भार सोडा, नळीची वेळ चुकवू नका, आणि खुर्चीची गादी गाडीच्या सीटवर घ्या.

मृगाआधी

जून २०२०च्या निसर्ग आणि मे २०२१च्या तौक्ते वादळात कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, रस्ते बंद होते. मे महिन्यातच तीन आठवड्यांच्या नळ्या, जेली, हातमोजे, पॅड, इस्ट्रोजेन क्रीम आणि बीपी मशीनचे सेल भरून ठेवा. हवेची गादी विजेवर चालत असेल तर इन्व्हर्टर, तोही नसेल तर जाड फोमची दुसरी गादी, आणि रात्री कूस बदलायला माणूस ठरवून ठेवा. स्नायूंचे झटके कमी करणारं बॅक्लोफेन घेत असाल तर ते कधीच संपू देऊ नका. अचानक थांबलं तर जोराचा ताप, कडक झटके आणि भ्रम होतो, आणि त्यालाही कुणीतरी पाळीची वाफ म्हणेल.